तिसरा ब्रश

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा ती आत एकटीच होती. आधी तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, मग हातातल्या फाईलनं वारा घेतला. पाच मिनिटांनी दिवाही गेला आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला.

"आत कोण आहे?" वरून एका पुरुषाचा आवाज आला. आवाज इतका निवांत होता की तिचं डोकंच फिरलं.

"मी आहे."

"मी म्हणजे?"

"बालकल्याण विभागातली. चौकशी नंतर करा, आधी दार उघडा."

"उघडतो. दहा मिनिटं लागतील. तोवर बोलत राहा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. बोलणाऱ्या माणसाला घाबरायला सवड मिळत नाही. रागावलात तर आणखी चांगलं."

राग काय, नाकाच्या शेंड्यावरच होता. तिनं अंधारात तोंड सोडलं. "सकाळपासून पाण्याचा घोट नाही. टेबलावर एकेचाळीस फायली आहेत. त्यात निवृत्त झालेल्या बाईंची एक नवी कालच गळ्यात पडली. आता पाच वाजता एका सडाफटिंग मामाच्या घरी न कळवता जायचंय. सहा वर्षांची भाची सांभाळणार आहेत म्हणे. ज्याला स्वतःचे दोन मोजे एका रंगाचे सापडत नसतील, तो पोरीची वेणी काय घालणार?"

वरचा पान्याचा आवाज थांबला.

"मोजे सापडतात," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही... हात वर करा."

दाराच्या फटीतून उजेड आला आणि उजेडाबरोबर एक हात. ग्रीसनं काळा झालेला, पण तिच्यासाठी घाईघाईनं पुसलेला. त्या हातानं तिला अलगद वर ओढून घेतलं. तिनं पाहिलं तर तो माणूस हसू दाबत होता आणि त्याच वेळी भलताच गंभीरही दिसत होता. ती 'आभारी आहे' म्हणेपर्यंत तो पान्यांची पिशवी उचलून जिना उतरून गेला होता.

या बाईला सहसा धक्का बसत नसे, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. नऊ वर्षं ती सरकारी नोकरीत मुलांच्या केसेस बघत होती. कुठलं मूल कुणाकडे राहील, कुठल्या घरात सुखरूप असेल, हे घरोघर जाऊन बघायचं आणि समितीला लिहून द्यायचं. या नऊ वर्षांत तिनं इतकं पाहिलं होतं की आता काही ऐकलं तरी तिची भुवई हलत नसे. ऑफिसात म्हणायचे, हिच्या अंगावर वीज पडली तर ही विजेलाच ओळखपत्र मागेल.

तर त्या संध्याकाळी पाच वाजता ती तीन जिने चढून गेली, कारण त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. तिनं बेल वाजवली. दार उघडलं, आणि समोर तोच.

"या," तो म्हणाला. "मोजे आधी दाखवू, की वेणी?"

तिच्या हातातली फाईल खाली पडली. कागद पार जिन्यापर्यंत गेले. फाईलमधलं अक्षर बाहेर सांगायचं नाही, हा नियम तिनं नऊ वर्षं पाळला होता. आज पहिल्यांदा तोंडातून निसटलं, ते नेमकं ज्याची फाईल त्याच्याच कानात.

"तुम्ही... तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही अंधारात लटकत होतात. तिथं ओळख करून दिली असती तर तुम्ही उडी मारली असती." तो वाकून कागद गोळा करू लागला. "आणि न कळवता येणार होतात ना? म्हणून मी घरही आवरलं नाही. प्रामाणिकपणे."

आतून एक मुलगी गरगरत आली आणि तिच्या पायांना येऊन आपटली. तिला भिंगरी म्हणतात हे वेगळं सांगायची गरजच पडली नाही. तिची आई, म्हणजे याची थोरली बहीण, आजारपणात गेली होती. वडिलांचा पत्ता कधीच नव्हता. चार महिने पोर सरकारी बालगृहात होती आणि आता पंधरा दिवसांपासून मामाकडे, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिने सगळं नीट दिसलं तर समिती तिला कायमची मामाकडे देणार होती. नाहीतर परत बालगृह.

"मामा रोज वायरींची वेणी घालतो," भिंगरीनं पहिल्याच वाक्यात मामाला उघडं पाडलं.

आणि खरंच, खिळ्याला तीन वायरी लटकत होत्या. लाल, काळी, हिरवी. निम्म्यापर्यंत वेणी घातलेली, खाली गाठ.

"सराव करतो," तो कान खाजवत म्हणाला. "हिच्या केसांवर एकदम प्रयोग नको."

तिला हसू आलं. कामावर असताना ते येऊ द्यायचं नसतं, म्हणून ती तडक बेसिनकडे वळली. तिथं तिची एक रीत होती आणि खात्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती ही रीत शिकवत असे. माणसं काहीही सांगतील, पण बेसिनवरचा पेला खरं सांगतो. घरात किती जण राहतात ते ब्रश मोजून कळतं. आणि नुसतं मोजून भागत नाही, बोट लावून बघायचं. ओला असेल तर माणूस राहतो. कोरडा असेल तर नुसता ब्रश राहतो.

पेल्यात दोन ब्रश होते. एक मोठा निळा, एक छोटा सशाच्या चित्राचा. तिनं बोट लावून पाहिलं. दोन्ही ओले. तिनं लिहिलं, 'घरात दोघेच.' का कुणास ठाऊक, ते दोन शब्द लिहिताना तिला फार बरं वाटलं.

नियमानं महिन्यातून एक भेट पुरते. ती पुढच्या आठवड्यातच पुन्हा गेली. अहवालात कारण लिहिलं, 'खिडकीची जाळी तपासणे.' त्यानंतर पंधरा दिवसांनी, 'जाळी बसवल्याची खात्री करणे.' त्यानंतर, 'जाळी पुन्हा तपासणे.' एवढी तपासलेली जाळी अख्ख्या शहरात दुसरी नसेल.

भिंगरीनं तिचं नाव फाईलताई ठेवलं. फाईलताई आल्या की मामा चहा टाकायचा, आणि चहा उकळेपर्यंत ती भिंगरीचे केस विंचरून दाखवायची.

"इतकी घट्ट नाही ओढायची. ही लिफ्टची दोरी नाही."

"सैल सोडली की सुटते."

"सुटू दे. सुटली की पुन्हा घालायची. द्या इकडे हात..."

तिनं त्याची बोटं धरून बट कशी घ्यायची ते दाखवलं. दाखवून झालं तरी बोटं सोडायचं राहून गेलं. भिंगरी मान वळवून म्हणाली, "झाली का?" आणि वेणी सुटली. तीन वेळा सुटली त्या दिवशी.

"तुम्ही दुसऱ्या घरांतही इतका चहा घेता?" त्यानं एकदा विचारलं.

"दुसऱ्या घरांत मी पाणीसुद्धा घेत नाही. नियम आहे."

"मग इथं?"

"इथं... चहा आधीच टाकलेला असतो. वाया घालवू नये."

तो मान खाली घालून हसला. पण कधी एका शब्दानं पुढे गेला नाही. दारापर्यंत सोडायला यायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, तिच्या काखेतल्या फाईलकडे बघायचा आणि "जिन्यात दिवा नाही, जपून" एवढंच म्हणायचा. घरी जाऊन ती त्या "जपून"चा विचार करत बसे. तिची आई म्हणे, "लोकांच्या पोरांची घरं बघत हिंडतेस. स्वतःचं कधी बघणार?" ती म्हणे, "बघते," आणि नेमकं काय बघते ते सांगत नसे.

आठव्या भेटीला बाहेर भुरभुर पाऊस होता. भिंगरी शेजारी चित्रं काढायला गेली होती. त्यानं चहा टाकला. तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली आणि हात धुवायला बेसिनपाशी गेली.

पेल्यात तीन ब्रश होते.

निळा. सशाचा. आणि तिसरा जांभळा, मोठ्या माणसाचा, नवाकोरा.

ती जागच्या जागी खिळली. नळ वाहत होता आणि तिला तो बंद करायचं सुचेना. म्हणजे कुणीतरी बाई इथं राहते. आणि यानं सांगितलं नाही. घरात कुणीही मोठं माणूस राहायला आलं तर ते कळवायचं, त्याची चौकशी होऊ द्यायची, ही पहिली अट होती. लपवलं तर पोर परत बालगृहात. हे सगळं तिला पाठ होतं. पण छातीत जे चरचरलं, ते या अटीमुळे नव्हतं. त्याचा तिला ब्रशपेक्षा मोठा धक्का बसला.

"चहा झालाय," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

"नको."

"जाळी बघायची राहिली..."

"जाळी ठीक आहे," ती म्हणाली आणि छत्री तिथंच विसरून जिना उतरली.

ऑफिसात येऊन तिनं अहवाल उघडला. 'घरात तिसरी व्यक्ती राहत असल्याची शक्यता' असं लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. लिहिलं तर ते कोण लिहितंय, केस बघणारी बाई की जिचं तोंड कडू झालंय ती बाई? आणि नाही लिहिलं तर का नाही? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येत होतं. तिच्या पेनाचा आता भरवसा उरला नव्हता, आणि त्या पेनावर एका पोरीचं घर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबीणबाईंच्या खोलीत गेली. ऑफिसात सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. तिनं फाईल त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ही माझ्याकडून काढून घ्या."

"का?"

"त्या घरात तिसरा ब्रश आहे."

"मग तसं लिही. फाईल कशाला सोडायची?" मोठ्या बाईंनी पानं चाळली. "ओला होता की कोरडा?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

"बोट लावून पाहिलंस ना?"

नऊ वर्षांत, शेकडो घरांत, तिनं हे कधी चुकवलं नव्हतं. झोपेतही तिचं बोट ब्रशकडे गेलं असतं. आणि काल ती तिथं दोन मिनिटं उभी होती, नळ वाहत होता, आणि हात पुढे गेलाच नव्हता.

"नव्या पोरींना तूच शिकवतेस हे," मोठ्या बाई चष्मा काढून शांतपणे म्हणाल्या. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"जाळी पुन्हा तपासलीस तेव्हापासून, की त्याच्याही आधी?"

तिला रडू आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचा रागही आला. "मला तो आवडतो, बाई," ती म्हणाली. "फार आवडतो. म्हणून मी त्याच्याविषयी खरंही लिहू शकत नाही आणि खोटंही. पोरीचं वाटोळं होईल माझ्यापायी."

"होणार नाही. वेळेवर आलीस." मोठ्या बाईंनी खणातून एक कागद काढला. "तशी ही फाईल मी काढणारच होते. आठ दिवसांपूर्वी त्याचाच अर्ज आलाय."

अर्ज दोन ओळींचा होता. 'आमच्या केसवरील अधिकारी बदलून मिळावी. कारण वैयक्तिक.'

म्हणजे त्याला ती नकोच होती. तो आठ दिवसांपूर्वीच तिला टाळू बघत होता, आणि ती वेडी जाळ्या तपासत होती. तिनं कागद परत ठेवला आणि "बरं झालं" म्हणून बाहेर आली. तिच्या त्या "बरं झालं"वर कुणाचाही विश्वास बसला नसता.

फाईल चष्मेवाल्या नव्या मुलीकडे गेली. ती तिचीच शिष्या. मोठ्या बाईंनी बजावलं, "समितीचा आदेश निघेपर्यंत त्या घराचं नाव काढायचं नाही, त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही." तिनं मान हलवली. तसंही कुठल्या तोंडानं जाणार होती?

चार दिवसांनी शिपायानं तिच्या टेबलावर एक सीलबंद पाकीट आणून ठेवलं आणि सही घेतली. मोठ्या बाईंच्या सहीचा मेमो होता. नऊ वर्षांतला पहिला. तिनं उघडला.

'सदर मुलीच्या निवासस्थानी बेसिनवर जांभळ्या रंगाचा एक मोठा ब्रश आढळून आला असून बोट लावून पाहिले असता तो पूर्णपणे कोरडा आहे. घरात तिसरी व्यक्ती राहत नसल्याची शेजाऱ्यांकडून खात्री केली आहे. मुलीच्या सांगण्यानुसार सदर ब्रश आपणासाठी ठेवला आहे. "फाईलताई सारख्या येतात, मग त्यांचा ब्रश नको का," असे तिचे म्हणणे आहे. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

तिनं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती खुर्चीत मागे कलंडली आणि शेजारच्या टेबलावरचे कारकून धावत आले. ऑफिसात बातमी पसरली की मेमोमुळे बाईंना चक्कर आली. तिनं ती खोडून काढली नाही.

दोन दिवस तिनं खुलासा लिहायला घेतला आणि फाडला. तिसऱ्या दिवशी लिहिलं ते असं: 'सदर ब्रश मी ठेवलेला नाही व वापरलेला नाही. तो माझ्यासाठी आहे हे मला आपल्या पत्रावरूनच समजले. भेटी नियमापेक्षा जास्त झाल्या, ही चूक माझी. पहिल्या तीन भेटी कामाच्या होत्या. पुढच्या भेटींतही काम होते, पण काम नसते तरी मी गेले असते.'

मोठ्या बाईंनी तो वाचला, तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "खुलासा समाधानकारक." मग हळूच, "माझ्या अख्ख्या नोकरीत इतका खरा खुलासा आला नव्हता."

अडीच महिने ती त्या गल्लीकडे फिरकली नाही. लांबचा रस्ता धरून जायची. एकदा ऑफिसची लिफ्ट पुन्हा बिघडली, तर दुरुस्तीला दुसराच माणूस आला. तिनं त्याला विनाकारण दोनदा विचारलं, "तुम्हीच का?" ब्रश पोरीनं ठेवला होता हे कळलं होतं. पण अर्ज त्यानं केला होता. त्या दोन ओळींचा अर्थ तिला काही केल्या लागेना.

मग एका दुपारी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. समोर तीच फाईल, वर लाल शाईत 'बंद'. भिंगरी कायमची मामाकडे राहणार, असा आदेश निघाला होता.

"ही आता कपाटात जाईल," मोठ्या बाई फायलीला दोरी बांधत म्हणाल्या. "कपाटाला पाय नसतात. तुला आहेत."

पाच वाजता ती ते तीन जिने चढली. काखेत फाईल नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. जिन्यात आता दिवा होता. तिनं बेल वाजवली.

त्यानं दार उघडलं आणि तो नुसता उभा राहिला. या खेपेला धक्का बसण्याची पाळी त्याची होती.

"छत्री राहिली होती," ती म्हणाली.

"अडीच महिने झाले."

"पाऊस नव्हता मधे."

"परवा होता," तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्या रिकाम्या हातांवर गेली. "फाईल...?"

"बंद झाली. आज मी कुणाचीच अधिकारी नाही. म्हणून एक विचारते. अर्ज का केला होतात? मी इतकी नकोशी झाले होते?"

"नकोशी?" तो थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्या हातात माझ्या भाचीचं घर होतं. तुम्ही फाईल घेऊन समोर बसलेल्या असताना मी म्हटलं असतं की... तुम्ही मला आवडता, तर ते लाच दिल्यासारखं झालं असतं. तुम्ही हो म्हणालात तरी मला कळलं नसतं की ते खरं आहे का. आणि नाही म्हणालात तर तुम्हालाच अवघड. गप्प राहायला बघितलं. जमेना. म्हणून अर्ज केला. मला अधिकारी बदलून हवी होती. बाई नाही."

तिला दाराची चौकट धरावी लागली. या माणसानं तिला किती धक्के द्यावेत याला काही मर्यादा नव्हती.

"आणि ब्रश?"

"तो हिनं दुकानात हट्ट करून घेतला. मी म्हटलं, ताई राहायला येत नाहीत, कामाला येतात. तर म्हणाली, मग इतक्यांदा कशाला येतात? मग घेऊन दिला. तुमचा तो मोजायचा नियम मला माहीत नव्हता. चष्मेवाल्या मॅडमनी सांगितला तेव्हा कळलं, काय होऊन बसलं ते. माहीत असता तर पेल्यातून काढला असता."

"आणि टाकून दिला असता?"

"नाही. खिशात घेऊन हिंडलो असतो."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "मी लेखी दिलंय. शिक्क्यासकट."

"कुठं?"

"सरकारकडे."

एवढ्यात आतून भिंगरी गरगरत आली आणि पायांना आपटली. तिची वेणी सरळ होती, घट्टही नाही, सैलही नाही. "फाईलताई, तुमची फाईल कुठंय?"

"नाही आणली."

"मग आता तुम्ही नुसत्या ताई?" तिनं जरा विचार केला. "मग जेवून जा."

ती जेवून गेली. जेवण झाल्यावर तिनं चप्पल घालायला घेतली, तर भिंगरीनं हात धरून तिला थेट बेसिनपाशी नेलं. या घरात जेवल्यावर दात घासावे लागतात, हा तिचा नियम होता, आणि तो पाहुण्यांनाही सुटत नव्हता. तिघं आरशासमोर दाटीवाटीनं उभे राहिले. मामाच्या हनुवटीवर फेस आला. फाईलताईंना हसू आवरेना. जांभळा ब्रश अडीच महिन्यांनीही नवाच होता.

मग भिंगरी स्टुलावर चढली, तिन्ही ब्रश पेल्यात ठेवले आणि चष्मेवाल्या मॅडमकडे बघून शिकल्याप्रमाणे एकेकाला बोट लावून पाहिलं.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली. "सगळे ओले."